दुसरा कान

नाशकात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका वाड्यात बारसं होतं. मुलगी बारा दिवसांची, वजन तीन किलो. पाळण्याला बांधलेल्या झेंडूच्या माळा तिच्याहून जड असतील. आत्या सिन्नरहून आदल्या रात्रीच आली होती. नाव दुपारी ठेवायचं, पण त्याआधी सकाळी कान टोचून घ्यायचे, असं आजीनं ठरवलं होतं. बाळाच्या आईचे कान ज्यांनी टोचले त्याच अण्णा सोनारांना निरोप गेला.

अण्णा आले, पाटावर बसले. सोन्याची बारीक तार, एका टोकाला घासून सुईसारखी केलेली. ती उकळत्या पाण्यातून काढून स्पिरिटनं पुसली. दोन्ही पाळ्यांवर गंधाचे ठिपके दिले आणि ते एका रेषेत आहेत का हे तीनदा पाहिलं. मुलीचा डावा कान आधी. आजीनं डोकं घट्ट धरलं, तार आरपार गेली, चिमट्यानं वळली. सगळा मिळून पाच-सात सेकंदांचा कारभार.

बाळ आधी रडलंच नाही. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, कपाळाला आठ्या, मुठी आवळलेल्या, आणि आवाज नाही. मग जो टाहो फुटला तो चौकापर्यंत गेला.

बाळ रडलं की आपल्याकडे वैद्यांना तोटा नसतो. एका काकूंनी मधाची बाटली पुढे केली. आजी सहाण घेऊन बसली, जायफळाचे चार वेढे उगाळून देते, निजेल पोर. आत्या शहाणी, ती म्हणाली, "काय हे जुनं! दुखतंय तर दुखण्याचं औषध द्या. घरात पॅरासिटामॉल आहे ना?"

होतं. मोठ्या नातवासाठी आणलेली थेंबांची बाटली फडताळात होती. आत्या म्हणाली, "माझा लेक एवढासाच असताना डॉक्टरांनी एक मिली सांगितलं होतं. मला पक्कं आठवतंय." तिनं ड्रॉपर बुडवला, एकच्या रेघेपर्यंत भरला आणि उजेडाकडे धरून पाहिला. काटेकोर बाई. रेघेच्या वर थेंबभरही नाही.

"ताई, जरा बघू ती बाटली," अण्णा म्हणाले.

अण्णांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. दागिन्यावरचा शिक्का वाचावा तसं त्यांनी लेबल वाचलं. मग विचारलं, "तुमच्या मुलाला दिलं होतं ते हेच?"

"तेच की. हे बघा, आताही माझ्या पर्समध्ये त्याची बाटली आहे. नावही तेच."

अण्णांनी दुसरी बाटली घेतली. नाव तेच, कंपनी तीच. खालची बारीक ओळ मात्र वेगळी. पर्समधलं सिरप होतं. त्यावर लिहिलं होतं, दर ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम. फडताळातल्या थेंबांवर होतं, दर १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम.

"म्हणजे तुमच्या एका मिलीत पंचवीस," अण्णा म्हणाले, "आणि ह्या एका मिलीत शंभर. चौपट झालं, ताई."

आत्याच्या हातातला ड्रॉपर तसाच राहिला.

"आमच्या धंद्यात आठ गुंजांचा मासा नि बारा माशांचा तोळा. एक गुंज म्हणजे तुमचे एकशेवीस-एकवीस मिलिग्रॅम. तोळ्याचा दागिना करताना गुंजभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाईक भांडतं. इथं तीन किलोचं पोर आहे आणि तुम्ही जवळजवळ गुंजभर औषध घालायला निघालात. चालतं की नाही मला ठाऊक नाही. म्हणूनच म्हणतो, थांबा. कान मी टोचेन. औषध ज्याचं त्यालाच विचारा."

सोनारानंच कान टोचावे लागतात, असं आपण बोलण्यात सर्रास म्हणतो. इथं खुद्द सोनारच आपली हद्द सांगत होता.

बाळाच्या डॉक्टरबाईंना फोन लागला. आजीनं सगळं सांगितलं, टाहो तर त्यांना ऐकूच येत होता. त्यांचं पहिलं वाक्य: "औषध पोटात गेलंय का?" नाही म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या. "बरं झालं. महिन्याच्या आतल्या बाळाला आम्ही स्वतः वजन बघून लिहून दिल्याशिवाय ह्यातला थेंबही द्यायचा नाही. जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि ते त्या दिवशी वरून दिसतही नाही. शिवाय एवढ्या लहान बाळाला ताप आला तर तो आम्हाला कळायला हवा, औषधानं झाकून चालत नाही. मधही नको. वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही, त्यातून एक फार वाईट विषबाधा होऊ शकते. जायफळानं गुंगी येईल, दुखणं कुठं जाणार? आधी बाळाला आईकडे द्या."

हे कुणाला सुचलंच नव्हतं. आई दारात उभी होती, ओल्या बाळंतिणीनं मध्ये पडायचं नाही म्हणून. तिनं बाळ घेतलं, दुपटं सोडलं, उघड्या छातीशी धरलं आणि पाजायला घेतलं. आधी दोनदा तोंड फिरवलं, मग धरलं. हुंदका, घोट, हुंदका, घोट. आजीनं घड्याळ पाहिलं नाही, पण सहाणेवरचं जायफळ वाळायच्या आत वाड्यात शांतता झाली.

रडणं थांबणं आणि दुखणं थांबणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि घरातल्या गोंगाटात पहिलीलाच दुसरी समजायची चूक होते. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बायका एकेकाळी तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्यांना दुसरा इलाज नव्हता, दोष कुणाला द्यायचा? आपल्याला इलाज आहे. आणि तान्ह्याला कुठं कळतं म्हणून हसण्यावारी नेणारे फक्त घरातच होते असंही नाही. १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतसुद्धा नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास छापला. भूल नीट दिली की बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो, शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही कमी होतो, हे त्यात दिसलं. दुखतं, हे तिथून पुढे डॉक्टरांनीही मान्य केलं.

"आता दुसरा कान?" आजीनं फोनवर हळूच विचारलं.

"राहू द्या. मला आधी विचारलं असतंत तर पहिलाही थांबवला असता. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होऊ देत, मग टोचा. आणि तेव्हा उलट क्रमानं करा. आधी पाजायला घ्या, ती नीट प्यायला लागली की मग टोचा, टोचल्यावरही पिऊ द्या. इंजेक्शनच्या वेळीही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये हेच सांगितलंय. ह्या कानाकडे मात्र लक्ष ठेवा. सूज वाढली, पू आला, बाळ प्यायचं कमी झालं किंवा अंग १००.४ च्या वर गेलं, तर रात्र असो की पहाट, घेऊन या."

अशी ती पोर एका कानात तार घालून पाळण्यात गेली. आजीची मात्र पंचाईत झाली. जो येईल तो विचारी, "आणि दुसरा कान?" पहिल्या दिवशी तिनं काहीतरी थाप मारली. चौथ्या दिवसापासून खरं सांगायला लागली, ड्रॉपरसकट. दीड महिन्याच्या लसीला महापालिकेच्या दवाखान्यात गेली तेव्हा रांगेतल्या दोन बायकांनाही तिनं सांगितलं. सिस्टरनं सुई भरायला घेतली तेव्हा आजीची लेक बाळाला पाजत होती. आजी सिस्टरला म्हणाली, "ताप आला तर औषध किती, ते मिलीत नका सांगू. बाटली आणलीय, ही बघून सांगा." फडताळातली बाटली तिनं पिशवीत घालून आणली होती, लेबलावर मार्करनं मोठा आकडा घालून: १००.

साडेतीन महिन्यांची लस झाल्यावर, एका मंगळवारी, अण्णांच्या दुकानात पडद्याआड दुसरा कान टोचला. बाळ पीत होतं. तार गेली तेव्हा ते दचकलं, तोंडातून दूध सुटलं, एकदा रडलं आणि परत प्यायला लागलं. अण्णांनी नारळ घेतला, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, अर्धं काम बारशालाच झालं होतं.