आहे म्हणणारा आणि पाहिले म्हणणारा

एखादी वस्तू खरोखर अस्तित्वात आहे. परंतु ती आपण डोळ्यांनी पाहिली असे सांगणाऱ्याने ती पाहिलेली नाही. असा मनुष्य खरे बोलला की खोटे? न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांस हा प्रश्न अपरिचित नाही. पण त्याचे उत्तर आम्हांस सुचले ते मुलांच्या एका खेळावरून. म्हणून प्रथम तो खेळच थोडक्यात सांगतो.

गेम फ्रीक या जपानी मंडळीने रचलेला 'पोकेमॉन' हा खेळ 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात, गेम बॉय नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने रानावनांतून नाना तऱ्हेचे कल्पित जीव पकडावेत, पाळावेत, वाढवावेत आणि इतरांच्या जीवांशी झुंजवावेत, असे त्याचे स्वरूप. उघडपणे मिळणारे जीव दीडशे. परंतु रचनाकारांपैकी शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी अखेरीस, दोष तपासण्याची साधने काढून टाकल्यावर रिकाम्या झालेल्या सुमारे 300 बाइटांच्या जागेत, 'म्यू' नावाचा 151 वा जीव ठेवून दिला. तो सामान्य खेळणाऱ्याच्या हाती लागावा अशी योजना नव्हती. त्याची चाहूल मात्र खेळातच होती. एका पडक्या वाड्यातील रोजनिशीत, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात हा जीव सापडल्याची नोंद वाचावयास मिळे.

1998 साली खेळ अमेरिकेत गेला आणि तेथील शाळाशाळांतून एक वार्ता पसरली. खेळातील एका बंदरात, जहाजाच्या धक्क्याशेजारी, पाण्यापलीकडे एक मालमोटार उभी आहे. ती जोर लावून ढकलली की खालून म्यू निघतो! साऱ्या खेळात अशी मालमोटार हीच एक, आणि तिचा उपयोग काहीच नाही. मग ती तेथे ठेवली कशाला, हा युक्तिवाद मुलांस बिनतोड वाटे.

वार्तेची परीक्षा सोपी नव्हती. पाण्यावरून जाण्याची विद्या साध्य होईपर्यंत जहाज निघून गेलेले असे, आणि जहाज गेल्यावर धक्क्याकडे कोणी जाऊ देत नसे. जहाज थांबवून धरावयाचे तर बहुतेकांस खेळ मुळापासून मांडावा लागे. म्हणजे महिनोन्‌महिने वाढविलेल्या जीवांवर पाणी सोडावे लागे. ही किंमत देण्यापेक्षा "आम्ही पाहिले" किंवा "सारे थोतांड आहे" असे म्हणणे स्वस्त होते. दोन पक्ष पडले. एक म्हणे, म्यू मोटारीखाली आहे. दुसरा म्हणे, या खेळात म्यू मिळणे अशक्यच.

निकाल काय लागला? ज्यांनी किंमत देऊन मोटार ढकलली, त्यांस ती जागची हललेली दिसली नाही. पहिला पक्ष हरला. परंतु 2003 साली खेळाच्या रचनेतील एक दोष खेळणाऱ्यांस उमगला. दूरच्या प्रतिस्पर्ध्याची दृष्टी पडते त्याच क्षणी तेथून निसटावे आणि मग एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याशी झुंज खेळावी. म्हणजे यंत्राच्या हिशेबात घोटाळा होऊन त्या झुंजीतील जीवाच्या एका गुणाचा आकडा, 21, हाच पुढे भेटणाऱ्या जीवाचा क्रमांक ठरतो. आणि 21 हा म्यूचा अंतर्गत क्रमांक. दुसरा पक्षही हरला! पुढे 2004 साली खेळाची नवी आवृत्ती निघाली, तीत रचनाकारांनी त्या मोटारीजवळ थोडासा खाऊ ठेवला. अफवेला त्यांनी दिलेले उत्तर म्हणून खेळणारे तो आजही दाखवितात.

येथे "पाहिले" म्हणणारा मुलगा पुढे होऊन म्हणेल, "शेवटी म्यू होताच ना? मग मी खोटा कसा?" आमच्या मते तो खोटाच. न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले आहे. पण कोणाचा शब्द? आप्ताचा. वस्तू जशी आहे तशी ज्याने जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस एकच लावले आहे. म्हणजे आप्तपणा कुळावर किंवा पदावर नाही, जाणण्यावर आहे. कायद्याचे म्हणणेही निराळे नाही. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती पाहिलेल्यानेच साक्ष द्यावी, हा 1872 च्या पुरावा कायद्याचा दंडक 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही राखला आहे. साक्षीदार वस्तूविषयी बोलतो तसा स्वतःविषयीही बोलतो. वस्तू पुढे खरी निघाली तरी स्वतःविषयी केलेले विधान खोटे ते खोटेच राहते.

हा विचार आमच्या देवळांपर्यंत येऊन पोहोचतो. कुशस्थळीचा मंगेश 1560 साली प्रियोळास आला, ही नुसती दंतकथा नव्हे. परंतु कोणत्या रात्री, कोणत्या होडीतून, कोणाच्या खांद्यावरून, हे तपशील एका घरी एक तर दुसऱ्या घरी दुसरे ऐकावयास मिळतात, आणि प्रत्येक जण ते पाहिल्यासारखे सांगतो. मग एखादा शिकलेला तरुण त्यांतील एक तपशील खोटा पाडतो आणि स्थलांतराची सारी कथाच झुगारून देतो. मोटारीखाली म्यू नाही म्हणून म्यूच नाही, असे म्हणणाऱ्याची हीच चूक. पण त्या तरुणास ती करावयास लावले कोणी? ज्या वडीलधाऱ्यांनी "असे ऐकले आहे" एवढे म्हणावयाच्या ऐवजी "असेच घडले" म्हटले, त्यांनी!

श्रद्धेस ऐकीव गोष्टींचे वावडे नाही. आमची निम्मी परंपरा श्रवणानेच टिकली आहे. तिला बाधते ती उसनी साक्ष. नातवाने देवळाच्या पायरीवर बसून विचारले, "आजोबा, हे खरे का?", तर "माझ्या आजोबांनी मला असे सांगितले" एवढे उत्तर पुरे आहे. पुढचा शोध त्याचा त्याने करावा.