अटक झाली होती का?

पनवेलच्या आमच्या सोसायटीत कुणीही परदेशी निघालं की फॉर्म माझ्याकडे येतो. इंजिनीअर म्हणजे फॉर्म भरता येणारच, असा समज आहे. १ मे २०२५ पासून थायलंडने डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं, तेव्हापासून तर विचारूच नका. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, पैसे लागत नाहीत. तरी लोक भलत्याच साइटवर पैसे देऊन येतात. एका बैठकीत मी आठ-आठ जणांचे भरलेत. ‘माहिती खरी आहे’ हे आठही जणांच्या वतीने मीच सांगून टाकायचो. कधी काही वाटलं नाही.

वाटलं ते मामांच्या वेळी. मुलीकडे न्यू जर्सीला जायचं म्हणून अमेरिकेचा डीएस-१६० भरत होतो. वीस मिनिटं हात लावला नाही तर तो बंद पडतो, त्यामुळे मी घाईत. सुरक्षेच्या पानावर दहशतवाद, हेरगिरी, सगळीकडे ‘नाही’ करत चाललो होतो. ‘काय विचारतंय?’ मामा म्हणाले. कधी अटक झाली होती का, मी सांगितलं.

‘झालती की. चौऱ्यांशीला.’

जानेवारी १९८४. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के भूखंडांची योजना त्याच लढ्यातून आली, आणि आमची सोसायटी तसल्याच भूखंडावर उभी आहे. मामा तेव्हा वीस वर्षांचे. गाडीत कोंबून नेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. हातात कागद काहीच नाही.

मी म्हणालो, रेकॉर्ड नाही तर ‘नाही’ लिहू, उगाच व्हिसा अडकेल. ती अटक होती की नुसतं ताब्यात घेणं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण कायद्यातला हा बारीक फरक मला आठवला, कारण मला ‘नाही’ हवं होतं. आमच्या धंद्यात जे डेटाबेसमध्ये नाही, ते नसतंच.

‘कागद नाय म्हणून झालंच नाय?’

त्यांनी विचारलं नसतं तर मी ‘नाही’ दाबून पुढे गेलो असतो. खोटं माझं, नाव त्यांचं, आणि मी त्याला मदत म्हटलं असतं. उलट ‘खरं लिहा’ म्हणणंही मला स्वस्तच होतं. व्हिसा नाकारला तर नातू त्यांना दिसणार नव्हता, मला नव्हे. मग मी गप्प बसलो. मामा म्हणाले, ‘हो कर.’

‘हो’ केल्यावर खुलाशाचा चौकोन उघडला. पाच हुतात्मे झाले हे लिहच, असा त्यांचा हट्ट. हुतात्म्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो अमेरिकेच्या व्हिसात लिहायची माझी छाती होईना. आमचा वाद संपेपर्यंत फॉर्म बंद पडला. परत उघडला, ‘पाच शेतकरी मृत्युमुखी पडले’ यावर तडजोड झाली.

शेवटी फॉर्म विचारतो, कुणी मदत केली का? तिथे माझं नाव टाकलं. भरणारा कुणीही असो, सहीचं बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. मामांनी चष्मा पुसला, बोट जरा वेळ हवेत धरलं आणि दाबलं. बीकेसीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.