आखूड धडाचे विमान

प्लास्टिकचे सुटे भाग जुळवून विमानाची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे फारसा रुजला नाही. किट परदेशी, किंमत जास्त, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी हा सगळा पोरखेळच. तसविरीबाबत काटेकोर असलेल्या घरातही त्याला अडचण येऊ नये. निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याची मुभा हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला दिल्याची रिवायत बुखारीत आहेच. माझा प्रश्न वेगळा आहे. बाजारात एका विमानाचे किट मिळते आणि करणाऱ्याला हवे असते त्याच विमानाचे दुसरे रूप. मग तो मिळालेले किट कापतो, जोडतो, घासतो. असे एकाचे दुसरे केले, तर ते खरोखर दुसरे होते का? की ते पहिल्याचेच मोडके रूप राहते, फक्त नाव बदललेले?

बोइंग ७४७ चे उदाहरण घेऊ. पाठीवर कुबड असलेले हे अवाढव्य विमान सगळ्यांच्या ओळखीचे आहे. मूळ ७४७ ची लांबी ७०.६६ मीटर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅन अ‍ॅम आणि इराण एअर या कंपन्यांना न्यूयॉर्क ते मध्यपूर्व एवढा पल्ला मध्ये न उतरता गाठणारे विमान हवे होते. बोइंगने ७४७ चेच धड आखूड केले, वजन घटवले आणि पल्ला वाढवला. हे नवे रूप ४ जुलै १९७५ ला पहिल्यांदा उडाले. त्याची लांबी ५६.३१ मीटर, म्हणजे मूळ विमानापेक्षा चौदा मीटरहून थोडी जास्त कमी. १/१४४ या प्रमाणातल्या किटमध्ये हा फरक जेमतेम दहा सेंटीमीटरचा होतो.

दहा सेंटीमीटर कापले की झाले, असे कुणालाही वाटेल. तसे ते होत नाही, आणि माझ्या प्रश्नाची खरी गंमत इथेच आहे. पहार लांब असली की धोंडा सहज हलतो. आखूड पहारीला जोर जास्त लावावा लागतो. विमानाचे शेपूट असेच काम करते. धड आखूड झाले, शेपूट पंखांच्या जवळ आले आणि त्याचा जोर कमी पडू लागला. म्हणून बोइंगला शेपटीचा उभा पंख सुमारे दीड मीटरने उंच करावा लागला, आडवे पंखही रुंद करावे लागले. विमान हलके झाल्यामुळे मुख्य पंखांच्या मागचे गुंतागुंतीचे फ्लॅप बदलून साधे बसवता आले आणि त्यांच्याखालची होडीच्या आकाराची मोठी आवरणे गेली. खालच्या मजल्यावर प्रत्येक बाजूला पाच दारे होती, ती चार झाली. एका ठिकाणी कमी केले म्हणून दुसऱ्या ठिकाणी वाढवावे लागले, तिसऱ्या ठिकाणी सोपे करता आले. पंखांचा विस्तार तेवढा होता तसाच राहिला, ५९.६४ मीटर.

मॉडेल करणाऱ्याला याच वाटेने जावे लागते. धडाभोवती चिकटपट्टी सरळ गुंडाळून तिच्या कडेने बारीक दातांची करवत चालवायची. पंखांच्या पुढचा तुकडा काढणे त्यातल्या त्यात सोपे, कारण तिथे धडाची जाडी बरीचशी सारखी असते. पंखांच्या मागे धड निमुळते होत जाते. तिथला तुकडा काढला की उरलेल्या दोन तोंडांचा घेर जुळत नाही, मध्ये पायरी पडते. ती पुट्टीने भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, बोट फिरवून पाहायची, पुन्हा भरायची. खिडक्यांची रांग केसभर खालीवर झाली तरी डोळ्याला खुपते. शेपटीच्या उभ्या पंखाला वरून सेंटीमीटरभर उंची द्यायची. पंखांखालच्या होड्या कापून ती जागा साफ करायची. जुन्या दारांच्या रेषा बुजवून नव्या कोरायच्या. हल्ली असे बदलाचे भाग थ्रीडी प्रिंटरवर तयार होऊनही मिळतात, पण सांधा मात्र हातानेच बुजवावा लागतो.

यातले काही न करणारेही असतात. ते दुसऱ्या रूपाची नाव-नंबरांची चित्रे पाण्यात भिजवून जुन्याच धडावर चिकटवतात. किट विकणाऱ्या कंपन्याही कधी कधी एकाच साच्यातून निघालेले विमान वेगवेगळ्या नावांनी खपवतात. दुरून फरक कळत नाही. माझ्या मते खोटेपणा असलाच तर तो इथे आहे, करवत चालवण्यात नाही. नाव बदलले आणि त्या नावाने जे मागितले होते, त्यातले काहीच दिले नाही. सांध्याचे तसे नसते. वरून रंग दिला तरी आत पाहिले की तो दिसतो, आणि प्रदर्शनात मॉडेलशेजारी मूळ किट कोणते आणि काय बदलले, याची चिठ्ठी ठेवण्याची रीत आहे. ही चिठ्ठी मला अमानतीसारखी वाटते. पाहणाऱ्याचा विश्वास तिच्यामुळे जिथल्या तिथे राहतो.

नावाचाच आणखी एक किस्सा आहे. कारखान्यात या विमानाला सुरुवातीला एसबी म्हणत, म्हणजे शॉर्ट बॉडी, आखूड धड. पुढे ते एसपी झाले, म्हणजे स्पेशल परफॉर्मन्स, खास कामगिरी. विमान तेच होते. एक नाव त्यात काय कमी आहे ते सांगते, दुसरे त्याला काय जमते ते सांगते. आणि त्याला जमत होते ते थोडेथोडके नव्हते. मार्च १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेला सोपवण्यासाठी निघालेले एक एसपी अमेरिकेतल्या एव्हरेटहून कुठेही न उतरता केप टाउनला पोहोचले. हे अंतर सुमारे १६,५६० किलोमीटरचे. त्याच वर्षी मे महिन्यात पॅन अ‍ॅमच्या एसपीने न्यूयॉर्क, दिल्ली, टोकियो आणि परत न्यूयॉर्क अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. धंद्याच्या हिशेबात मात्र ते फसले. अशी फक्त ४५ विमाने बनली, कारण पुढे पूर्ण लांबीच्या विमानांचा पल्लाही वाढत गेला. हेही सांगायलाच हवे.

आपल्यापैकी पुष्कळांना 'आखूड धड' हे नाव आयुष्यात कधी ना कधी ऐकावे लागते. उत्तरेकडचा पाहुणा आपली उर्दू ऐकून हसतो. शेजारी कौतुकाने म्हणतो, तुम्ही मराठी किती छान बोलता! दोघांच्याही मनात कुठले तरी पूर्ण लांबीचे मूळ विमान असते आणि आपण त्यातून काहीतरी कापून उरलेले. दखनीला बिघडलेली उर्दू म्हणणारे विसरतात की बिदर, विजापूर आणि गोवळकोंड्यात दखनीत ग्रंथ लिहिले जात होते तेव्हा दिल्लीचे कवी फारसीतच रमले होते. औरंगाबादच्या वलीचे दिवाण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत पोहोचले आणि तिथल्या कवींना या भाषेची गोडी लागली. इथे तर मूळ कोणते आणि रूप कोणते, हेच उलटे होऊन बसते.

दोन रूपे शेजारी शेजारी खरी असू शकतात, हे मुसलमानाला कुणी नव्याने शिकवायला नको. आपल्याकडे कुरआन हफ्सच्या किराअतीप्रमाणे वाचले जाते, मोरोक्कोत वर्शच्या. सूरे फातिहामध्ये एका शब्दाचा स्वर आपण लांबवतो तेव्हा अर्थ होतो मालक; तिकडे तोच स्वर ऱ्हस्व, अर्थ होतो बादशहा. दोन्ही परंपरेने आलेल्या, दोन्हींवर नमाज होते. एक पूर्ण आणि दुसरी तुटकी, असे कुठल्याही जाणत्या आलिमाने म्हटलेले नाही. अरबीतून उर्दूत आलेला जात हा शब्द मला इथे आठवतो. त्याचा अर्थ वस्तूचे सत्त्व, आणि सिफत म्हणजे तिचे गुण. मराठीत त्याच उच्चाराचा शब्द माणसाला जन्माच्या चौकटीत बसवतो. शब्द दोन, मुळे दोन. पण आपल्या बोलण्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि मग माणसाच्या सिफती पाहण्याआधी त्याची जात ठरवून टाकली जाते.

पण वेगळे रूप म्हणून मान मागायचा तर शेपटीचा हिशेबही द्यावा लागतो. इथे आपले दुखणे आहे. लग्नातला खर्च कापावा, हुंडा बंद करावा, निकाह साधा करावा, असे आपण सभांमधून सांगतो, आणि काही ठिकाणी ते होऊही लागले आहे. त्याच निकाहात मेहेर मात्र आजोबांच्या काळच्या नाममात्र आकड्यावर लिहिला जातो. खर्च कापला, पण मुलीच्या हक्काचा भाग होता तेवढाच ठेवला. मुलगी शिकली, नोकरीला लागली, याचा अभिमान सगळ्यांना असतो; संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, सासऱ्यांची औषधे आणि मुलांचा अभ्यास तिच्याकडेच. बदल एकीकडे केला आणि त्याचा भार पेलणारा भाग वाढवलाच नाही. असे विमान कागदावर उडते. वाऱ्यात ते सांभाळण्याची मेहनत एकट्या वैमानिकाला करावी लागते, आणि आपल्या घरातली ही वैमानिक कोण, हे सांगायला नको. या सुधारणांना मी खोट्या म्हणणार नाही. त्या अर्ध्या कापलेल्या आहेत.

मूळ प्रश्नाकडे येतो. एकाचे दुसरे झाले का, याचे उत्तर वस्तूच्या पोटात शोधून मिळेल असे मला वाटत नाही. खऱ्या एसपींपैकी एकाची हकीकत पाहा. १९७७ मध्ये ते पॅन अ‍ॅमकडे आले आणि त्याचे नाव ठेवले गेले क्लिपर लिंडबर्ग. पुढे ते युनायटेड कंपनीकडे गेले, रंग बदलला, नाव गेले. त्यानंतर नासाने ते घेतले, पंखांच्या मागे डाव्या बाजूला धडात मोठे दार कापले आणि आत अडीच मीटरची दुर्बीण बसवली. २००७ मध्ये लिंडबर्गच्या नातवाच्या हस्ते त्याला ते जुने नाव परत मिळाले. या उडत्या वेधशाळेचे नाव सोफिया. चंद्राच्या उन्हातल्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू असल्याचे तिच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली आणि आता ॲरिझोनातल्या टूसान इथल्या संग्रहालयात उभी आहे. आधी ७४७ आखूड करून एसपी, मग एसपी कापून वेधशाळा.

या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला कामाला लागण्यापूर्वी एक तारीख निवडावी लागते. १९७७ निवडले तर पॅन अ‍ॅमचा निळा गोल रंगवायचा आणि धड अखंड ठेवायचे. २०१० नंतरची कुठलीही रात्र निवडली तर डाव्या बाजूला करवत आणखी एकदा चालवायची आणि दार उघडे ठेवायचे.