अनागताची राखण

‘सिक्युअरिंग द सिटीज’ ही अमेरिकी केंद्र सरकारची योजना 2007 साली न्यूयॉर्क, नेवार्क आणि जर्सी सिटी या पट्ट्यात सुरू झाली. पोलीस, अग्निशमन दल आणि आरोग्य खात्यांनी किरणोत्सार ओळखणारी उपकरणे घ्यावीत, ती वापरायला शिकावे, शेजारच्या गावांबरोबर सराव करावा आणि त्यासाठी पैसा केंद्राने द्यावा, असे तिचे स्वरूप. अण्वस्त्र किंवा साध्या स्फोटकाला किरणोत्सारी द्रव्य जोडून केलेला ‘डर्टी बॉम्ब’ शहराच्या मध्यात पोहोचण्याआधी वाटेतच सापडावा, हा हेतू. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, ह्यूस्टन आणि शिकागो मागोमाग आले. 2018 साली योजनेला कायद्याचा आधार मिळाला आणि पुढे अशा प्रदेशांची संख्या 13 झाली. दहशतवाद्यांचा असा बॉम्ब आजवर कोणत्याही शहरात फुटलेला नाही. तरीही प्रश्न उरतो, आणि तो हिशेबाइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे: कधीच न घडलेल्या, पण घडली तर भरून न येणाऱ्या आपत्तीपायी आजचा किती पैसा आणि किती मोकळीक खर्ची घालावी?

पंचतंत्रातल्या तीन माशांची गोष्ट इथे आठवते. अनागतविधाता संकट येण्याआधीच डोह सोडतो, प्रत्युत्पन्नमती ऐन वेळी युक्ती लढवतो आणि यद्भविष्य दैवावर हवाला ठेवून मरतो. दूरदृष्टीचा धडा म्हणून ही गोष्ट मुलांना सांगितली जाते. पण तिच्यात एक मोठी सोय आहे. मासेमार उद्या येणार हे माशांना मासेमारांच्याच तोंडून कळलेले असते. ते बोलणे कानी पडले नसते आणि अनागतविधाता दर पावसाळ्यात डोह बदलत राहिला असता, तर बाकीच्यांनी त्याला भित्रा म्हटले असते, आणि त्यांचे चुकते आहे हे त्याला कधीच दाखवून देता आले नसते.

अणुदहशतवादाच्या बाबतीत कानावर काहीच आलेले नाही, असे नाही. 1995 साली चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या एका उद्यानात सीझियम-137 पुरून ठेवले आणि त्याची खबर स्वतःच वार्ताहरांना दिली. किरणोत्सारी द्रव्य हरवणे, चोरीला जाणे किंवा बेवारस सापडणे अशा 4 हजारांहून अधिक घटना 1993 पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे नोंदल्या गेल्या आहेत. मात्र त्यांतल्या बहुतेकांमागे घातपाताचा हेतू आढळलेला नाही. राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहम ॲलिसन यांनी 2004 च्या पुस्तकात इशारा दिला होता की सरकारचे धोरण असेच राहिले तर पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेवर अणुदहशतवादी हल्ला होण्याचीच शक्यता जास्त. दहा वर्षे सरली. इशारा चुकला की इशाऱ्यामुळे हल्ला टळला, हे ठरवायचे साधन कुणाकडेच नाही.

पत्रकार रॉन सस्किंड यांच्या 2006 च्या पुस्तकामुळे अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांचा ‘एक टक्क्याचा सिद्धांत’ गाजला. पाकिस्तानी शास्त्रज्ञ अल कायदाला अण्वस्त्रासाठी मदत करत असण्याची शक्यता एक टक्का असली, तरी पावले ती खात्रीची बाब समजूनच उचलायची, असा त्याचा आशय. पास्कलच्या प्रसिद्ध पैजेशी याचे नाते उघड आहे: गमावण्यासारखे अनंत असेल तर शक्यता किती लहान, याला महत्त्व उरत नाही. तत्त्वज्ञ हान्स योनास यांनीही 1979 साली मांडले की साऱ्या मानवजातीचे भवितव्य पणाला लागलेले असताना वाईट भाकिताला अधिक वजन द्यावे. योनास यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे, चेनींचे नाही. एक टक्का म्हणजे शंभर मानला, तर महापूर, साथ आणि मोडका पूल हे सगळेच शंभर टक्के होतात आणि तिजोरीसमोर रांग लावायला काही क्रमच उरत नाही. पैजेत पास्कलसमोर देव एकच होता, अर्थमंत्र्यासमोर भये अनेक असतात.

उपकरणाच्या कामातही हीच अडचण दिसते. पोलिसाच्या पट्ट्याला अडकवलेली पेजरएवढी डबी गॅमा किरण टिपते. किरण आले, एवढ्याने ते कशातून आले आणि त्यामागे हेतू काय, हे कळत नाही. ग्रॅनाइट, चिनी मातीच्या फरशा आणि केळ्यांनी भरलेला कंटेनर यांतही किरणोत्सार असतो. थॅलियमचे इंजेक्शन घेऊन हृदयाची तपासणी करून आलेला माणूस काही दिवस डबी वाजवत राहतो. 2002 साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका रुग्णाची हकिकत छापून आली. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतल्यानंतर तीन आठवड्यांनी मॅनहॅटनमधल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर पोलिसांनी त्याला दोनदा अडवले आणि कपडे उतरवून त्याची झडती घेतली. उलट, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते उच्च समृद्ध युरेनियम इतके क्षीण किरण सोडते की पुरेसे शिसे गुंडाळले तर डबी गप्प बसू शकते. निरपराध माणूस वाजतो आणि खरा धोका गप्प राहतो. राखणीची ही किंमत आजारी माणसाने मोजावी का, हा प्रश्न उपकरणाच्या किमतीपेक्षा अवघड आहे.

पैशाच्या वाटपातही न्यायाचा प्रश्न आहे. कर सगळा देश भरतो, पहारा मात्र मोजक्या महानगरांना मिळतो. लोकसंख्या आणि लक्ष्य होण्याची शक्यता पाहता ते समजण्यासारखे आहे. पण द्रव्य चोरीला जाते ते बहुधा एखाद्या रुग्णालयातून किंवा कारखान्यातून, आणि ही ठिकाणे कुठेही असू शकतात. शिवाय अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाने 2019 साली दाखवून दिले की शहरांनी कोणत्या उद्दिष्टावर किती खर्च केला, याची पुरेशी माहिती योजना चालवणारे खुद्द खातेच गोळा करत नव्हते. जी आपत्ती घडलेलीच नाही तिच्याविरुद्धचे यश मोजता येत नाही, हे मान्य. निदान खर्च तरी मोजता येतो.

अशा योजनेचे खरे समर्थन बॉम्बच्या दिवसापेक्षा साध्या दिवसांत शोधावे लागते. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 साली विद्यापीठाच्या लिलावातून आलेले कोबाल्ट-60 फोडले गेले आणि एकाचा जीव गेला. घातपात करणारा कुणीच नव्हता. ब्राझीलमधल्या गोइयानियात 1987 च्या सप्टेंबरमध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातली सीझियमची कुपी भंगारात फुटली, चौघे दगावले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. भंगारवाल्याच्या बायकोने संशय येऊन ती वस्तू पिशवीत घातली आणि बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेली. तिथे बोलावलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने खनिज शोधायला वापरतात ते मोजणीयंत्र मागून आणले. वाटेतच त्याचा काटा टोकाला जाऊन अडकला आणि यंत्र कुठेही वळवले तरी हलेना. यंत्र बिघडले असे समजून तो परत गेला आणि दुसरे घेऊन आला. दुसऱ्याचाही काटा तसाच अडकला. तो पोहोचला तेव्हा अग्निशमन दलाचे जवान ती पिशवी उचलून नदीत टाकण्याच्या बेतात होते.