पापुद्र्याची स्मृती

गाडीवर चिकटवलेली फिल्म सुटते ती बहुधा कडेने. आरशाच्या बुडाशी, बंपरच्या खाचेत, दाराच्या मुठीखाली. पहिला उन्हाळा लागला की तिथे नखभर कड उचलली जाते, तिच्यात धूळ शिरते आणि मालक म्हणतो, गोंद खराब होता. पुष्कळदा गोंदाचा दोष नसतो. जिथे फिल्म ओढून बसवली होती, तिथून ती आपल्या मूळ आकाराकडे परत निघालेली असते. हे परत निघणं मला गाडी फिल्मने मढवण्याच्या, म्हणजे रॅपिंगच्या, व्यवसायाचं मर्म वाटतं.

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी त्याचा विचार फार पूर्वी केला होता. गुणांची मोजदाद करताना त्यांनी संस्कार हा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे, अनुभवलेली गोष्ट पुढे आठवते ती भावनेमुळे, आणि वाकवलेली फांदी हात काढताच सरळ होते ती स्थितिस्थापकामुळे. प्रशस्तपादांनी दिलेल्या उदाहरणांत धनुष्य, फांदी, शिंग यांच्या जोडीला सूत आणि वस्त्रही आहे. अन्नंभट्टांनी तर्कसंग्रहात चटई घेतली. भावना आत्म्याची आणि स्थितिस्थापक जडाचा, हा भेद वैशेषिकांनी काटेकोर पाळला. तरीही माणसाचं आठवणं आणि चटईचं पुन्हा गुंडाळलं जाणं त्यांनी एकाच गुणाच्या पोटात घातलं. आजच्या वाचकाला ही वर्गवारी चमत्कारिक वाटेल. रॅपिंगच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की तशी वाटत नाही. तिथे हातात हीट गन धरलेला मुलगा सहज सांगून जातो, "या मालाला मेमरी आहे, जपून घ्यावा लागतो."

हा माल म्हणजे पीव्हीसी. मुळात तो कडक, पाइपाच्या कामाचा. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हे रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवील असं काही शोधत होते. पीव्हीसी जास्त उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवल्यावर त्यांच्या हाती चिकटवणारा पदार्थ आला नाही. आला तो मऊ, लवचीक, ताणला जाणारा लगदा. पुढे १९३५ मध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी पाठीला गोंद असलेली, सोलून लावायची लेबलं बाजारात आणली. मऊ केलेलं प्लास्टिक आणि नुसत्या दाबाने धरणारा गोंद, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा आजच्या फिल्मची सामग्री तयार झाली.

फिल्म दोन रीतींनी बनते आणि तिचा स्वभाव त्या रीतीवर ठरतो. एका रीतीत पीव्हीसीचा तापवलेला गोळा पोलादी रुळांमधून दाबत, खेचत पातळ करतात. ही कॅलेंडर्ड फिल्म, साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाडीची. जन्मतःच ताण सोसलेली असल्याने ती तो विसरत नाही, उन्हात आकसते. दुसऱ्या रीतीत पातळ द्रव कागदावर ओततात आणि भट्टीतून नेऊन वाळवतात. ही कास्ट फिल्म, सुमारे ५० मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाहून बहुधा पातळच. तिला कुणी ओढलेलं नसतं, म्हणून गाडीच्या वळणांवर ती शांतपणे बसते. ती महाग का, असं गिऱ्हाईक विचारतं. घडताना तिला खेचलं नाही याचीच ती किंमत आहे, असं मला वाटतं.

पण कास्ट फिल्मलाही बंपरवर चढवताना ताणावंच लागतं, आणि तो ताण तिच्यात नव्याने साठतो. इथे उष्णता दोन परस्परविरुद्ध कामं करते. लावताना सुरकुती पडली तर कारागीर कड उचलतो आणि हलकी ऊब देतो. फिल्म डोळ्यांदेखत आवळते, सुरकुती नाहीशी होते. या वेळी तो तिच्या स्मृतीचीच मदत घेत असतो. सगळं बसवून झालं की ताणलेल्या जागा आणि कडा तो पुन्हा तापवतो, या वेळी ९० अंश सेल्सियसच्या वर. आता तिने विसरायचं असतं, या वळणालाच आपला आकार मानायचं असतं. हातातलं यंत्र तेच, फिल्म तीच. पहिल्या वेळी आठवण जागी करायची आणि दुसऱ्या वेळी पुसायची. दुसरं काम घाईत उरकलं, तर पहिल्या मे महिन्यात कड उचलते.

चांगला कारागीर मुळात कमी ताणतो. नंबर प्लेटच्या मागची खोल खाच एकाच तुकड्यात झाकायचा हट्ट तो धरत नाही. तिथे वेगळा तुकडा लावतो आणि दोहोंचा सांधा सावलीत, जिथे नजर जात नाही अशा रेषेवर आणतो. सांधा दिसला म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. मला तो सांधा प्रामाणिक वाटतो. अखंडपणाच्या हौसेपायी ताणलेली फिल्म चार महिने सुंदर दिसते आणि नंतर त्या खाचेवर तंबूसारखी उभी राहते.

लावण्याआधीची सफाई हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. आधी धुणं, मग डांबराचे ठिपके, किड्यांचे डाग आणि मेण काढणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, दारांच्या कडा आतल्या बाजूनेसुद्धा. पूर्वी दारोदार येणारा कल्हईवाला आधी पितळेचं भांडं घासूनपुसून लख्ख करायचा, मग तापवायचा, आणि नवसागर टाकल्यावरच कथील फिरवायचा. वेळेचा मोठा भाग कल्हईच्या आधीच्या कामात जायचा. फिल्मचंही तसंच. तिचा गोंद हा अतिशय घट्ट, सावकाश वाहणारा पदार्थ असतो. दाब दिला की तो रंगाच्या सूक्ष्म उंचसखलपणात उतरू लागतो आणि पूर्ण पकड यायला एक-दोन दिवस जातात. मध्ये तेलाचा अंश असला तर तो त्या अंशालाच धरतो. पकड पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून रॅप केलेली गाडी लगेच धुऊ नये असं सांगतात.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांना हे सगळं रॅप म्हणून माहीत होण्याआधी रेडियम म्हणून माहीत होतं. आरटीओच्या आसपास, बसस्थानकाजवळ, पत्र्याच्या टपरीत 'रेडियम आर्ट' असायचंच. कारागीर अक्षर काढून ब्लेडने कापायचा. पुढे संगणकावरून अक्षरं कापणारे प्लॉटर आले. या दुकानांनी देवनागरीची जी सेवा केली तिची नोंद कुणी घेतलेली दिसत नाही. रोमन शब्दाचं प्रत्येक अक्षर सुटं कापलं जातं. आपला शब्द शिरोरेषेमुळे सलग एक तुकडा असतो. संगणकावर अक्षरं एकजीव केली नाहीत तर प्लॉटरचं पातं प्रत्येक जोडावर शिरोरेषा छेदून जातं, आणि पहिल्याच धुण्यात शब्द विस्कटतो. टोकदार कोपरे आधी उचलले जातात, म्हणून जाणता कारागीर वेलांटीचं टोक किंचित गोल करतो. सर्वांत आधी निखळतो अनुस्वार, कारण त्या टिंबाला धरून ठेवणारी जागाच इवलीशी. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' मधलं ते टिंब गेलं की वडिलांचं आदरार्थी बहुवचनही जातं. टिंब थोडं मोठं कापणारे कारागीर आहेत. व्याकरणाचं इतकं व्यवहारी भान मला फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

लोक काय चिकटवतात? आईचं नाव, कुलदैवत, गावाचं नाव, शिवरायांची मुद्रा, मुलीचं नाव, बैलजोडी. नंबर प्लेटवर चार-एक-चार-एक या आकड्यांचा 'दादा' करण्याची हौसही याच टपऱ्यांनी पुरवली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबर प्लेट घेऊनच येतात, तेव्हा ते काम आटलं. बरंच झालं, कारण वाचता न येणारा नंबर अपघातानंतर कुणाच्याच उपयोगाचा नसतो. पण नावांच्या हौसेकडे मी सहानुभूतीने पाहतो. कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली रिक्षा कारखान्यातून येते तेव्हा ती हजारो रिक्षांसारखीच असते. मागच्या काचेवर पोरीचं नाव लागतं तेव्हा ती या घरची होते.

जाहिरातीच्या फिल्मबद्दल मात्र माझं मन इतकं मोकळं नाही. मुंबईत बेस्टच्या बसगाड्या जाहिरातींत गुंडाळलेल्या दिसतात, तेव्हा कधी कधी खिडक्यांवरही छिद्रांची फिल्म असते. बाहेरून चित्र, आतून काळी पाठ; छिद्रांतून प्रकाश येतो म्हणून आतल्याला बाहेरचं दिसतं. रचना हुशारीची आहे. पण पावसात त्या बारीक छिद्रांत पाणी धरतं आणि प्रवाशाला आपला थांबा ओळखू येत नाही. तिकीट काढलेल्या माणसाचा खिडकीवरचा हक्क जाहिरातदाराच्या हक्कापेक्षा मोठा असायला हवा. फिल्म पत्र्यापुरती ठेवावी, काचा सोडाव्यात.

आख्ख्या गाडीचा रंग फिल्मने बदलण्याच्या चालीमागे युरोपात एक व्यवहारी कारण होतं. जर्मनीत टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग ठरवून दिलेला होता, आणि त्या रंगाची जुनी गाडी घ्यायला सामान्य गिऱ्हाईक तयार नसे. म्हणून चालक आवडीच्या रंगाची गाडी घेऊन तिला हस्तिदंती फिल्म लावू लागले आणि विकायच्या वेळी ती सोलून टाकू लागले. आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. सैन्याच्या वाहनांचा ऑलिव्ह हिरवा रंग तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनी इतरांना वर्ज्यच केला आहे. मॅट हिरव्याची टूम निघाली तेव्हा हे किती दुकानदारांनी गिऱ्हाइकाला सांगितलं असेल, याची मला काळजी वाटते.

सोलून टाकण्याच्या सोयीवर हा धंदा उभा आहे खरा, पण त्या सोयीला मुदत असते. ऊन फिल्ममधला मऊपणा हळूहळू शोषून घेतं. बॉनेट आणि टप यांवर ते थेट पडत असल्याने दारांवरची फिल्म शाबूत असताना तिथली तडकू लागते. कंपन्याही आडव्या भागांची हमी कमी वर्षांची देतात. वेळेत काढली तर ती थोडी ऊब देऊन, तिरप्या कोनात, संथ ओढीने सलग निघते. उशीर झाला तर नखाएवढ्या कपच्या होऊन येते, गोंद रंगावर राहतो, आणि आधी कुठे दुय्यम दर्जाचं रंगकाम झालेलं असेल तर रंगही सोबत येतो. जुन्या नावाच्या खालचा रंग ताजा आणि भोवतालचा विटलेला असला, तर अक्षरं काढूनही वाचता येतात. तिथे आठवण ठेवणारी फिल्म नसते, गाडीचा रंग असतो. वैशेषिकांच्या कोणत्या गुणात हे बसेल ते मला ठरवता आलेलं नाही.

आणि सोललेल्या फिल्मचं काय? एका मध्यम गाडीला दीड मीटर रुंदीची १५ ते २० मीटर फिल्म लागते. तितकाच सिलिकॉन लावलेला पाठकागद पहिल्याच दिवशी बाद होतो, आणि काही वर्षांनी गोंदाने लडबडलेलं प्लास्टिक. गोंदासकट ते पुन्हा वितळवून वापरणं अवघड. पीव्हीसीत क्लोरीन असतो, म्हणून उघड्यावर जाळलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनं हवेत जातात, तरी शहराबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगांना आगी लागतातच. फिल्म विकणाऱ्या कंपन्या हमीची वर्षं ठळक छापतात. त्याच पत्रकावर जुनी फिल्म परत घेण्याची जबाबदारीही छापलेली असावी, आणि ती नसेल तर गिऱ्हाइकाने रंग निवडण्याआधी दुकानदाराला त्याबद्दल विचारावं.