पोटावरची खूण

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना वाटेत वडनेमेली लागतं. तिथे मातीच्या मडक्यांना सुती कापडाचे दादरे बांधलेले असतात आणि आत नाग, मण्यार, घोणस नाहीतर फुरसं. ते धरून आणतात इरुला आदिवासी. एकेकाळी याच लोकांनी कातड्यांसाठी साप मारले. १९७२चा वन्यजीव कायदा आला, पुढे कातड्यांची निर्यात बंद झाली आणि तो धंदा बुडाला. १९७८मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या साथीनं इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. आता साप तीनेक आठवडे ठेवतात, चार वेळा विष काढतात, पोटाचा खवला किंचित कातरून खूण करतात आणि रानात सोडून देतात. त्या विषावर सर्पदंशाचं औषध बनतं. खुणेचा साप लवकरच पुन्हा हाती आला, तर त्याला तसाच जाऊ द्यायचा.

शिकाऱ्याच्या पोराला नीती कशी शिकवावी, या प्रश्नाचं उत्तर मला या खुणेत दिसतं.

बंदुकीच्या शिकारीत चूक लपवणं फार सोपं असतं. मेलेलं जनावर साक्ष देत नाही आणि जखमी होऊन पळालेलं तर मोजलंच जात नाही. आपल्या शिकारकथांतही हुकलेल्या बाराची गंमत येते. पोटात गोळी घेऊन झुडपात शिरलेल्या जनावराचं पुढे काय झालं, हे क्वचितच येतं. जिम कॉर्बेटनं मात्र १९४४च्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं, की वाघ नरभक्षक होण्यामागे पुष्कळदा जखम असते आणि ती कुणाच्या तरी निष्काळजी गोळीचीही असू शकते. म्हणजे चूक करणारा गप्प राहतो आणि तिची किंमत सरपण आणायला गेलेली बाई मोजते.

इरुला पोराला गप्प राहण्याची सोय नाही. बापामागून बांधाबांधानं हिंडताना तो माग, कात, बिळाचं तोंड ओळखायला शिकतो. पण घाईत पहार खोल गेली, तर चूक त्याच्याच पिशवीत येते. सापाला जखम झालेली सगळ्यांना दिसते. तिथे कबुली द्यायला वेगळं धैर्य लागत नाही. शिकार जिवंत परत करायची असल्यामुळे हिशेब आपोआप उघडा राहतो.

हे केवळ पोटासाठी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पोटाशी बांधलेली नीती उपदेशापेक्षा जास्त टिकते. आपल्याकडचे फासेपारधी फाशात अडकलेली गाभण हरिणी आणि पाडसं सोडून देत, अशी नोंद संशोधक कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी केली आहे. उद्याही याच रानात यायचं आहे, हे ज्याला ठाऊक असतं, तो आज हात आवरतो. इंग्रजांनी मात्र पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि हौसेखातर वाघ मारणाऱ्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागल्या.

२०२३मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. गौरव कौशल्याचा झाला, तो योग्यच. पण पोरांना दाखवावी ती सोडलेल्या सापाची खूण. हात कुठे चुकला, हे सांगायला तो साप पुन्हा समोर येऊ शकतो.