आस्वाद, निवाडा आणि आचाऱ्याचा नकार

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना भरताने भोजनाचा दृष्टान्त घेतला, ही गोष्ट मराठी समीक्षेत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील एक तपशील नजरेआड व्हावा. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न सेवन करणाऱ्याला भरत ‘सुमनस्’ हे विशेषण लावतो. चर्चा बहुधा व्यंजने व द्रव्ये यांच्या, म्हणजेच विभावादींच्या, संयोगावर खर्च होते. खाणाऱ्यावर घातलेली ही अट अलंकारासारखी बाजूला राहते. वस्तुतः ती नैतिक अट आहे काय, आणि असल्यास निवाडा देणाऱ्यालाही ती लागू पडते काय, हा प्रश्न फ्रान्समधील सर्जनशील पाककलेच्या अलीकडच्या इतिहासाने फार तीव्र करून ठेवला आहे.

त्या इतिहासाचा आरंभ सोयीसाठी ऑक्टोबर १९७३ हा धरता येतो. आन्री गो आणि क्रिस्तियाँ मियो या दोन पत्रकारांनी त्या महिन्यात आपल्या मासिकातून नव्या फ्रेंच पाककलेचा पुरस्कार केला आणि तिच्या दहा आज्ञा मांडल्या. पदार्थ अति शिजवू नये, माल ताजा असावा, जड सॉस टाळावेत. आणि आचाऱ्याने कल्पक असावे. कल्पकता ही येथे आज्ञा झाली, हे लक्षणीय आहे. (‘नव’ हे उपपद लागताच एखाद्या प्रवृत्तीचे कर्तव्यात कसे रूपांतर होते, हे नवकाव्य आणि नवकथेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.) शिवाय ही आज्ञा देणारे स्वयंपाक करणारे नव्हते, चाखणारे होते.

कल्पकतेचे एक उत्तम उदाहरण म्हणजे ओब्राक पठारावरील लायोल येथील मिशेल ब्रास यांचा ‘गारगुयू’. हे नाव मुळात बटाटे आणि हॅम यांच्या एका साध्या शेतकरी रश्श्याचे आहे. १९८० च्या आसपास ब्रास यांनी त्या नावाखाली कोवळ्या भाज्या, रानपाला, फुले, बिया आणि अंकुर यांचे एक ताट सिद्ध केले. त्यातील घटक अनेकदा पन्नासाच्या पुढे जातात. काही कच्चे, काही स्वतंत्रपणे शिजवलेले, आणि त्या दिवशी बागेत व माळावर जे मिळेल त्यावर ठरणारे. त्यामुळे कालचा गारगुयू आज पुन्हा होत नाही. मर्ढेकरांनी सांगितलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयनियमांचा पडताळा घेण्यास हे ताट चित्राइतकेच योग्य ठरावे. फरक एवढाच, की येथे लय अनुभवायची तर चित्र खावे लागते.

हा फरक किरकोळ नाही. हेगेलने गंध, स्पर्श आणि चव यांना कलेच्या क्षेत्राबाहेर ठेवले, त्यामागे हेच कारण होते: जी ज्ञानेंद्रिये वस्तूला वस्तू म्हणून शिल्लक राहू देत नाहीत त्यांच्याशी कलेचे नाते जुळत नाही. सौंदर्यशास्त्रीय दृष्ट्या हा युक्तिवाद मान्य करावा की नाही, हा वाद येथे सोडून देता येईल. गाण्याची मैफलही संपते आणि म्हणून ती कला नाही असे कोणी म्हणत नाही. नैतिक दृष्ट्या मात्र त्याचे महत्त्व मोठे आहे. कादंबरीवर अन्याय्य टीका झाली तर कादंबरी उरते. वीस वर्षांनी दुसरा वाचक येऊन पहिल्या टीकाकाराला खोटे पाडू शकतो. जेवणाचा निवाडा ज्यावर दिला ते ताट मात्र निवाडा देणाऱ्यानेच संपवलेले असते. टीकाकार हाच साक्षीदार, आणि पुरावा त्याच्या पोटात.

मिशेलिन मार्गदर्शिका १९०० साली मोटारचालकांसाठी निघाली, १९२६ पासून ती तारे देऊ लागली आणि १९३१ मध्ये एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी आली. तिचे निरीक्षक नाव न सांगता जेवतात व बिल चुकते करतात. हे अनामिकत्व निःपक्षपातीपणाची हमी मानले जाते, आणि लाचेपासून ते संरक्षण करते यात शंका नाही. पण सुमनस् असणे वेगळे आणि अनोळखी असणे वेगळे. मार्गदर्शिकेच्या जाहीर निकषांत आचाऱ्याचे व्यक्तिमत्त्व ताटात उमटणे हा एक निकष आहे, तर सातत्य हा दुसरा. व्यक्तिमत्त्व एकाचे आणि हात मात्र वीस जणांचे. नवता हवी, पण ती प्रत्येक रात्री तशीच हवी. कवीकडे अशी मागणी कोणी करीत नाही. नटाकडे करतात, पण नटाला आपल्या प्रेक्षागृहातील टाळी ऐकू येते.

या व्यवस्थेखाली आचारी कसा जगतो याची चर्चा निघाली की बर्गंडीतील सोल्यो येथील बेर्नार ल्वाझो यांचे नाव येते. लोणी आणि मलईऐवजी पाण्याच्या आधाराने सॉस करण्याचा त्यांचा प्रयोग गाजला होता. १९९१ मध्ये त्यांना तिसरा तारा मिळाला. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांनी आत्महत्या केली. त्याच सुमारास गो-मियो मार्गदर्शिकेने त्यांचे गुण वीसपैकी १९ वरून १७ वर आणले होते आणि तारा जाणार अशी कुजबुज वृत्तपत्रांत होती; प्रत्यक्षात तिन्ही तारे कायम होते. एका मृत्यूचे कारण दोन गुणांत शोधणे हा मृताचाही अपमान आहे. कर्ज होते, नैराश्य होते. परंतु टीका निष्पाप होती असेही त्यातून सिद्ध होत नाही. आकड्याला कारण देण्याची गरज नसते, ही त्यातील खरी अडचण होय.

नेमकी तीच अडचण मार्क वेरा यांनी न्यायालयात नेली. जानेवारी २०१९ मध्ये आल्प्समधील त्यांच्या रेस्तराँचा तिसरा तारा गेला. आपल्या सूफलेत स्थानिक चीज असताना निरीक्षकाने ते इंग्लिश चेडर समजले, असा त्यांचा दावा होता. त्यांनी नुकसानभरपाई मागितली ती प्रतीकात्मक एक युरोची. खरी मागणी निवाड्यामागची कागदपत्रे पाहण्याची होती. ३१ डिसेंबर २०१९ रोजी नाँतेरच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वेरा यांचा आवेश थोडा नाटकी होता हे खरे. तरीही त्यांची मागणी हास्यास्पद ठरत नाही.

कांट येथे दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो. जिभेला रुचणे आणि सुंदर असणे यांत त्याने १७९० च्या ग्रंथात स्पष्ट भेद केला. पण सौंदर्याचा निवाडा नियमांनी सिद्ध करता येत नाही हे समजावताना त्याला उदाहरण सुचले ते जेवणाचेच. पदार्थात काय काय आहे आणि ते किती हितकर आहे हे कोणी कितीही सांगितले, तरी निर्णय चाखूनच करावा लागतो. मग निरीक्षकाने कारणे का द्यावीत? कारण कारण आणि सिद्धता एक नव्हेत. समीक्षक जी कारणे देतो ती दुसऱ्याला सक्तीने पटवण्यासाठी नसतात. आपण काय पाहिले, कोठे थांबलो, कोठे चुकलो असू, हे तो उघडे करतो. चीज कोणते, हे सांगितले असते तर चूक दाखवता आली असती. दडवलेल्या कारणांचा निवाडा बरोबर असू शकतो, पण त्याला समीक्षा म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग नकाराचा. पॅरिसच्या मादलेन चौकातील आलाँ साँदरँस यांनी २००५ मध्ये तीन तारे सोडले, दर उतरवले आणि त्याच जागी साधे रेस्तराँ काढले. पुढच्याच वर्षी मार्गदर्शिकेने त्याला दोन तारे दिले. सप्टेंबर २०१७ मध्ये मिशेल ब्रास यांचे पुत्र सेबास्तियाँ यांनी, १९९९ पासून असलेले तीन तारे काढून घ्यावेत अशी विनंती केली. रोज बाहेर जाणाऱ्या ताटांपैकी कोणतेही एक परीक्षकापुढे असू शकते, या जाणिवेतून त्यांना मोकळे व्हायचे होते. अशा नकारात काही अंशी ऐट असते हे नाकारू नये; ज्याला तारा मिळालाच नाही त्याला तो परत करण्याची प्रतिष्ठा कोठून येणार? दाम घेऊन जेवण वाढणाऱ्याने ते कोणी जोखू नये असे म्हणणे तर्कालाही धरून नाही. छापलेले पुस्तक वाचकांचे होते, तसे वाढलेले ताट पाहुण्याचे. परंतु ब्रास यांनी पाहुणा नाकारला नव्हता. पाहुण्याच्या वेषात येणारा, आणि जेवताना पाहुणा नसलेला, एवढाच माणूस त्यांना नको होता.

२०१८ च्या आवृत्तीतून लायोलच्या रेस्तराँचे नाव वगळण्यात आले. २०१९ च्या आवृत्तीत ते पुन्हा आले, दोन ताऱ्यांसह. सेबास्तियाँ ब्रास यांनी आश्चर्य व्यक्त केले आणि हंगामाप्रमाणे पठारावरचा पाला गोळा होत राहिला.